पंडिता रमाबाई : नित्यप्रार्थना आणि उघडे दार

३.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• पंडिता रमाबाईंच्या जीवनाचे मुख्य टप्पे सांगता येतील.
• त्यांच्या जीवनात दैनंदिन प्रार्थनेला कोणते स्थान होते आणि त्यासाठी त्यांना कोणती किंमत मोजावी लागली, हे स्पष्ट करता येईल.
• प्रार्थनेची भाषा आणि लोकभाषा यांचा संबंध रमाबाईंच्या बायबल-भाषांतराच्या आधारे विशद करता येईल.

३.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेकांनी जुन्नरजवळचे लेण्याद्री पाहिले असेल. कुकडी नदीच्या खोऱ्यातील या डोंगरावर सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर आपण सातव्या क्रमांकाच्या लेण्यात पोहोचतो. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे दर्शन घेऊन बहुतेक जण तिथूनच परततात. पुढच्या वेळी तिथे थोडे थांबा आणि त्या लेण्याची रचना नीट पाहा. मधोमध एकही खांब नसलेले विस्तीर्ण दालन आहे आणि त्याच्या तीन बाजूंना वीस लहान खोल्या कोरलेल्या आहेत. हा मूळचा विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान. शेजारच्या सहाव्या लेण्यात सर्वांनी एकत्र जमून वंदन करण्याचे चैत्यगृह आहे. एका माणसापुरती खोली आणि सर्वांसाठी सभागृह, अशी ही योजना जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची आहे.

नित्य साधनेच्या या दोन गरजा कोणत्याही एका धर्मापुरत्या मर्यादित नाहीत. माणसाला एकांत हवा असतो आणि सोबतही हवी असते. या दोहोंच्या मध्ये असते ते खोलीचे दार. ते लावून घ्यावे की उघडे ठेवावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु याच पुणे जिल्ह्यात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, एका खोलीच्या उघड्या दारावरून मोठा सार्वजनिक वाद झाला. ती खोली पंडिता रमाबाईंची होती. पुढे त्यांनी दौंड तालुक्यातील केडगाव येथे जी वसाहत उभी केली, तिच्या दिनक्रमात प्रार्थनेला अग्रस्थान होते. रमाबाईंचे जीवन समाजसुधारणेच्या अंगाने तुम्ही याआधी अभ्यासले असेल. या घटकात आपण ते त्यांच्या नित्यप्रार्थनेच्या अंगाने पाहणार आहोत.

३.२ पहाटेचे संस्कार

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. हे स्थान आजच्या कर्नाटकात येते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न विद्वान होते. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकवले. त्या काळात हे समाजाला मान्य होण्यासारखे नव्हते. विरोध झाला तेव्हा ते माणसांची वस्ती सोडून रानात राहिले. परंतु शिकवणे त्यांनी सोडले नाही.

पुढे या कुटुंबाने तीर्थयात्रेचे जीवन पत्करले. पुराणे सांगावीत, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. घर नव्हते, तरीही दिवसाला एक निश्चित घडी होती. रमाबाईंचे शिक्षण आईकडे झाले, तेही पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी. झोपेतून उठवलेल्या मुलीला जवळ घेऊन आई पाठ देत असे. हजारो श्लोक मुखोद्गत होण्यामागे बुद्धीइतकाच या रोजच्या नेमाचाही वाटा होता. पहाटेची वेळ ईश्वराच्या शब्दांसाठी राखून ठेवायची, ही सवय रमाबाईंना ब्राह्मण घरातील आईकडून मिळाली, हे येथे ध्यानात ठेवा.

दक्षिणेत दुष्काळ पडला आणि १८७४च्या सुमारास, काही महिन्यांच्या अवधीत, वडील, आई आणि मोठी बहीण यांचा मृत्यू झाला. व्रते, दाने, उपवास, तीर्थस्नाने यांत या कुटुंबाने कधी कसूर केली नव्हती. तरीही अन्नावाचून माणसे गेली. मागे उरलेले रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी देशभर हिंडले. या भ्रमंतीत रमाबाईंच्या मनात शंका रुजली. जे रोज केले, ते कोणापर्यंत पोहोचत होते? हा प्रश्न त्यांना पुढे अनेक वर्षे सोडून गेला नाही.

३.३ विद्वत्ता, वैधव्य आणि धर्मांतर

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. चोविसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. पदरी लहान मुलगी होती आणि माहेर-सासरचा आधार नव्हता.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाजाची स्थापना केली आणि ‘स्त्रीधर्मनीती’ हे पुस्तक लिहिले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचा त्यांच्या निर्णयावर प्रभाव होता. काशीत वाढलेले हे महाराष्ट्रीय पंडित त्यांच्या आधीच ख्रिस्ती झाले होते.

येथे एक समज दूर करणे आवश्यक आहे. बाप्तिस्मा घेतला म्हणजे रमाबाईंचे सारे प्रश्न मिटले, असे झाले नाही. चर्चच्या काही सिद्धान्तांविषयी त्या वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून कडाडून वाद घालत. एका धर्मपीठाच्या आज्ञेतून बाहेर पडून दुसऱ्याच्या आज्ञेत डोळे मिटून शिरायचे त्यांना मान्य नव्हते. आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटेल तेच स्वीकारायचे, हा त्यांचा आग्रह होता. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, परंतु ख्रिस्ताची ओळख मात्र बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी झाली, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. ही ओळख त्यांना एकांतातील वाचनातून आणि प्रार्थनेतून झाली. बुद्धीने पटलेला धर्म १८९१च्या सुमारास त्यांच्या रोजच्या जगण्याचा आधार झाला.

३.४ शारदासदन : उघड्या दाराचा प्रश्न

मधल्या काळात रमाबाई अमेरिकेत होत्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाला त्या उपस्थित होत्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या कार्याला साहाय्य करणारी मंडळी संघटित झाली. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. सदनाचे धोरण स्पष्ट होते. मुलींनी आपापल्या धर्माचे आचार पाळावेत, कोणावरही ख्रिस्ती धर्माची सक्ती होणार नाही. या आश्वासनावर विश्वास ठेवून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात आले होते.

रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. ही त्यांची खासगी, घरगुती उपासना होती. प्रार्थनेच्या वेळी त्या खोलीचे दार लावून घेत नसत. काही मुली कुतूहलाने दाराशी येऊन थांबू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी त्यांना बोलावले नाही आणि जा असेही म्हटले नाही. बातमी बाहेर पडली. वृत्तपत्रांतून टीका सुरू झाली आणि ‘केसरी’ने कठोर भूमिका घेतली. मुलींना पालकांच्या इच्छेविरुद्ध प्रार्थनेला बसू देऊ नये, अशी अपेक्षा व्यक्त झाली. दार लावून घेतले असते तर वाद कदाचित तिथेच शमला असता. रमाबाईंनी ते लावले नाही. १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

या प्रसंगाकडे पाहताना दोन्ही बाजू समजून घ्या. सल्लागारांची अडचण खरी होती. विधवांच्या शिक्षणाची चळवळ तेव्हा अगदी कोवळी होती. सदनात धर्मांतर होते असा संशय बळावला, तर कोणीही आपली मुलगी शिकायला पाठवणार नाही, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. ज्या बाईवर मुलींचे अन्न, वस्त्र आणि शिक्षण अवलंबून आहे, तिच्या नुसत्या वागण्याचाही त्यांच्यावर प्रभाव पडतो. सक्ती केली नाही एवढ्याने प्रभावाची जबाबदारी संपते का, हा प्रश्न आजच्या शिक्षकालाही चुकत नाही.

रमाबाईंची बाजूही तितकीच विचारात घेण्याजोगी आहे. इतर मुलींना आपापली पूजा उघडपणे करण्याची मोकळीक होती. मग संचालिकेनेच आपली प्रार्थना लपवून का करावी? आपल्याला जे सर्वांत मोलाचे वाटते, तेच आपल्या माणसांपासून दडवायचे, हे त्यांना अप्रामाणिकपणाचे वाटले. शिवाय, विधवेने कुठे बसावे आणि काय ऐकावे हे नेहमी दुसऱ्याने ठरवायचे, याच रूढीविरुद्ध तर सदन उभे होते.

या संघर्षाचा एक परिणाम दूरगामी ठरला. सदनात शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्येच विवाह केला होता. कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रमसंस्था स्थापन केली आणि पुढे ती पुण्याजवळील हिंगणे येथे वाढली. धर्मांतराची शंका येणार नाही अशा संस्थेची गरज तेव्हा हिंदू समाजाला जाणवत होती. अशा रीतीने एका उघड्या दारापाशी दोन वाटा फुटल्या आणि स्त्रीशिक्षण दोन्ही वाटांनी पुढे गेले.

३.५ केडगाव : प्रार्थना आणि श्रम

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः दुष्काळात होरपळलेल्या त्या बाईने रस्त्याकडेला मरणाच्या वाटेवर असलेल्या मुली पाहिल्या आणि शेकडोंना बरोबर आणले. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, त्यामुळे एवढ्या मुली शहरात ठेवणे शक्य नव्हते. केडगावला त्यांनी शेतीसाठी घेतलेली जमीन होती. तिथे झोपड्या आणि तंबू उभे राहिले. १८९८ मध्ये मुक्तिसदनाची इमारत उभी राहिली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि वसाहतीतील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

ही संख्या मनाशी नीट धरा. रोज दोन हजार माणसांना जेवू घालायचे आहे, आजाऱ्यांची शुश्रूषा करायची आहे, लिहायला-वाचायला शिकवायचे आहे. शेती, दूधदुभते, विणकाम, तेलघाणा, छापखाना असे उद्योग मुलींच्या हातांनी चालत. अंध मुलींना शिकवण्याची सोय होती. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हा स्वतंत्र विभाग होता. अशा ठिकाणी प्रार्थनेला वेळ कोठून मिळणार, असे आपल्याला वाटते. केडगावची रीत उलटी होती. दिवसाचा आरंभ प्रार्थनेने करायचा आणि बाकीची कामे तिच्या मागून लावायची.

बॉस्टनच्या मंडळाचे दहा वर्षांचे बांधील साहाय्य १८९८ मध्ये संपले. त्यानंतर निश्चित उत्पन्नाची हमी उरली नाही. देणगीदारांच्या दारी जाण्याऐवजी गरजा प्रथम ईश्वरापुढे मांडाव्यात, असा रमाबाईंचा परिपाठ होता. याचा अर्थ त्या हातावर हात ठेवून बसल्या, असा घेऊ नका. विहिरी खणल्या, झाडे लावली, हिशेब ठेवले. प्रार्थना त्यांना कामातून सुटका म्हणून नको होती. दिवसभराचे काम पेलण्याचे बळ त्या तिच्यातून घेत.

१९०५च्या आरंभी रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र येऊन विशेष प्रार्थना करण्याचे आवाहन केले. प्रारंभी सुमारे सत्तर जणी जमत; काही महिन्यांत ही संख्या पाचशेच्या वर गेली. जून महिन्याच्या अखेरीस तेथे मोठे आध्यात्मिक जागरण झाले. मुली रडत, आपले दोष कबूल करीत आणि एकाच वेळी सगळ्या जणी मोठ्याने प्रार्थना करीत. वेल्समध्ये त्याच सुमारास असेच जागरण झाले होते. जागतिक ख्रिस्ती इतिहासात केडगावचे नाव त्याच्या बरोबरीने घेतले जाते. शांत, शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या काही निरीक्षकांना हा गलबला खटकला. रमाबाईंनी तो थांबवला नाही. ज्या मुलींना आजवर कोणी मोठ्याने बोलू दिले नव्हते, त्यांचा तो आवाज होता.

३.६ प्रार्थनेची भाषा

आता आपण भाषेच्या विद्यार्थ्यांना विशेष महत्त्वाच्या असलेल्या भागाकडे वळू. ‘प्रार्थना’ या शब्दाच्या मुळाशी मागणे आहे. ‘उपासना’ या शब्दाच्या मुळाशी जवळ बसणे आहे. मराठी ख्रिस्ती समाजात दोन्ही शब्द रूढ आहेत. माणूस मागण्यासाठी येतो आणि हळूहळू नुसता जवळ बसायला शिकतो, असा प्रवास या दोन शब्दांत दिसतो. आई-वडिलांच्या नित्यकर्मांविषयी रमाबाईंना पडलेला जुना प्रश्न येथे आठवा. त्यांना ईश्वराजवळ बसायचे होते आणि आपले बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचते याची खात्री हवी होती.

त्यासाठी भाषा आपली हवी. मराठीत ख्रिस्ती भक्तीची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने बायबलची मराठी भाषांतरे सुरू झाली. रमाबाईंचे समकालीन रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी संतपरंपरेतील अभंगाचा साचा ख्रिस्तभक्तीसाठी वापरला. रमाबाईंनी वेगळा मार्ग निवडला. प्रचलित भाषांतराची भाषा केडगावच्या मुलींना जड जाते, हा त्यांचा अनुभव होता. ज्यांच्यासाठी ग्रंथ आहे, त्यांनाच तो कळत नसेल तर रोज वाचून उपयोग काय?

म्हणून त्यांनी स्वतः संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. प्रौढ वयात शिक्षण घेणाऱ्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. कानांनी नीट ऐकू येत नव्हते, वसाहतीचा व्याप डोक्यावर होता, तरीही हे काम वर्षानुवर्षे चालले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या या पंडितेने भाषांतरासाठी साध्या बाईची मराठी निवडली. आपल्याला अवगत असलेली सर्वांत प्रतिष्ठित भाषा बाजूला ठेवण्याचा हा निर्णय होता. खिळे जुळवणे आणि छपाई केडगावच्या स्त्रियांनीच केली. त्यांतील अनेकींना वसाहतीत येण्यापूर्वी अक्षरओळखही नव्हती.

सर्वनामांकडेही येथे लक्ष द्या. आपण आईला ‘तू’ म्हणतो आणि देवालाही ‘तू’ म्हणतो. त्या काळातील पांढरपेशा घरांत वडिलांना मात्र ‘तुम्ही’ म्हणण्याची पद्धत होती. पतीचे तर नावही घेत नसत. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत ईश्वराला पिता म्हटले जाते आणि त्याच वेळी ‘तू’ असे संबोधले जाते. घरातल्या कर्त्या पुरुषासमोर मान वर न केलेल्या बालविधवेला प्रार्थनेत पित्याशी एकेरीत बोलता येत होते. दिवसातून एकदा तरी मनातले थेट बोलण्याचा अधिकार तिला या सर्वनामाने दिला. व्याकरणातला एवढासा तपशील माणसाच्या आत्मसन्मानाशी कसा जोडलेला असतो, याचे हे उदाहरण आहे.

३.७ समारोप

रमाबाईंची अखेरची वर्षे दुःखाची होती. संस्थेचा भार पेलणारी मनोरमा १९२१ मध्ये वारली. उत्तराधिकारी म्हणून जिच्याकडे पाहिले, तीच कन्या आईच्या आधी गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते पूर्णत्वाला नेल्यावर थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला.

रमाबाईंचे आयुष्य सलग कुठे दिसत असेल, तर ते या नित्यनेमात. धर्म बदलला, देश बदलले, सोबतची माणसे गेली किंवा दुरावली. पहाटे आईजवळ बसून शिकलेली शिस्त मात्र टिकली. तिचा आशय त्यांनी स्वतः पारखून घेतला आणि नंतर कोणाच्याही भिडेखातर तो लपवला नाही. रोजच्या प्रार्थनेला प्राधान्य देणे म्हणजे वेळापत्रकात एक ओळ वाढवणे, इतका सोपा अर्थ त्यांच्या चरित्रातून निघत नाही. त्यासाठी त्यांनी रानडे-भांडारकरांसारख्या सुहृदांचा आधार गमावला. त्यातूनच त्यांनी दोन हजार जीवांचा भारही उचलला.

तुमची श्रद्धा कोणतीही असो, अथवा कोणतीच नसो, लेण्याद्रीच्या त्या दालनात पुन्हा जाल तेव्हा भोवतालच्या वीस खोल्यांकडे पाहा. त्यांची सगळी दारे मधल्या मोठ्या दालनात उघडतात.

३.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. रमाबाईंच्या बालपणातील कोणत्या सवयी त्यांच्या पुढील धार्मिक जीवनात टिकून राहिल्या, ते सोदाहरण लिहा.
२. शारदासदनातील वादात सल्लागार मंडळाची आणि रमाबाईंची भूमिका मांडा. तुम्हाला कोणती अधिक पटते, ते सकारण सांगा.
३. केडगाव येथे प्रार्थना आणि श्रम यांची सांगड कशी घातली गेली?
४. रमाबाईंनी भाषांतरासाठी साधी मराठी का निवडली? भाषा आणि भक्ती यांच्या संबंधावर टीप लिहा.
५. उपक्रम : तुमच्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्ती प्रार्थना किंवा पूजा करताना कोणती सर्वनामे वापरतात, याची नोंद करा. इतर वेळी त्याच व्यक्ती घरातील माणसांना कसे संबोधतात, याच्याशी तिची तुलना करा.